यार्ड हाय का देवघर?

अण्णांनी चष्मा पुसला, टेबलावर मांडलेल्या माझ्या यार्डावरून नजर फिरवली आणि विचारले, ''अरं, हे यार्ड हाय का देवघर?''

सहा महिन्यांच्या खटपटीनंतर मिळालेला हा अभिप्राय! पण तो देणाऱ्याचा अधिकार मोठा. अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्डूवाडीच्या नॅरोगेजवर गँगमन म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे ती हीच. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली आणि अण्णांचे यार्ड पुसले गेले. ते घरात पुन्हा उभे करावे, ही माझी हौस.

मूळच्या सत्त्याऐंशी पट लहान असे हे काम. अडीच फुटांचे होतात जेमतेम नऊ मिलिमीटर. तेवढे रूळ बाजारात तयार मिळतात. घोडे अडते ते खडीपाशी. दोन इंची दगड या मापात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा, म्हणजे रव्याच्या दाण्याएवढा होतो. मी अतिशहाणपणाने खराच रवा रंगवून पसरला. तिसऱ्या दिवशी यार्डात गाडीऐवजी मुंग्यांची रांग! सौ.ला हसू आवरेना.

मग क्रशरवरून काळ्या दगडाची कच आणली. चहाच्या गाळणीतून चाळली, फडक्यातून धूळ काढली. ती कोरडीच पसरायची आणि स्लीपरवरचे दाणे ब्रशने खाली लोटायचे. त्यावर थेट फेविकॉल सोडला, तर थेंब गोळा होऊन बसतो आणि दाणे त्याला चिकटून ढेकूळ होते. म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी फवारायचे. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, ड्रॉपरने अलगद. सकाळी खडी दगडासारखी घट्ट. फक्त सांध्यांच्या हलत्या पात्यांपाशी हात आखडता ठेवायचा, नाहीतर तेही कायमचे चिकटतात.

एवढे सगळे करून झाले, तर अण्णा म्हणतात देवघर!

''अशी उतार काढलेली स्वच्छ खडी धावत्या लाइनीला,'' ते म्हणाले. ''यार्डात रात्री कंदील घेऊन माणसं चालायची. खडी स्लीपरच्या बरोबरीनं सपाट पाहिजे.'' आणि रंग? इंजिने उभी राहायची तिथे राख, कोळशाची खर आणि तेलाचे डाग. पाणी भरायच्या जागी खडी कधी कोरडी नसायची. रूळ माथ्यावर चकचकीत, अंगाला गंजलेले. मी निमूटपणे टिपून घेत होतो. गंजाचा रंग मी रुळांच्या फक्त कडांना दिला, कारण मॉडेलला वीज मिळते ती माथ्यावरूनच.

मग अण्णांचे बोट एका जोडावर थांबले. ''हा बसायचा.'' राखेने खडीतल्या फटी बुजल्या, की पावसाचे पाणी खालीच साचते. प्रत्येक चाक स्लीपर दाबते आणि चिखल वर उसळतो. मग रूळ उचलून, खडी कोंबून पुन्हा पातळीत आणायचा. पुढच्या पावसात पुन्हा तेच. ''तू झालास त्याचा सांगावा मला हितंच आला. पाऊस लागला होता. गाडी जाईस्तोवर हलता येईना.''

साठीला आलेल्या मला हे ठाऊक नव्हते. अण्णा कामावर जातात, एवढेच आम्हा मुलांना माहीत. तिथे ते काय करतात, हे मी कधी विचारलेही नव्हते.

सुकलेला फेविकॉल पाण्याने पुन्हा सैल पडतो, हे बरे. त्या जोडापाशी मी खडी काढली, खालचा कॉर्क कागदाच्या जाडीएवढा घासला आणि राखाडी चिखल लावला.

परवा गाडी सोडली. जोडावर इंजिन किंचित झुकले आणि टक् असा आवाज झाला. अण्णा मान कलती करून ऐकत होते.

''बसतोय अजून,'' ते म्हणाले आणि हाताने खूण केली, पुन्हा एकदा सोड.