लेन्सच्या आधी भरतीची वेळ

पक्ष्यांचे फोटो काढायला ताडोबाच गाठावे असे काही नाही. भाईंदर पूर्वेच्या खारी गावाच्या परिसरात खाडी आहे, खारफुटी आहे, मिठागरांचे उथळ पाणी आहे. हिवाळ्यात अशा जागी शेकाट्या, तुतवार, चिखल्या, बगळे असतात. तरीही नव्या छायाचित्रकाराच्या कार्डात बहुधा उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या पाठीच सापडतात. मग महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. खरे तर आधी भरतीची वेळ पाहायला हवी.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, शिंपले वेचायला पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढले की तेच पक्षी मिठागरासारख्या निवांत जागी येऊन थांबतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला साधारण नऊ वाजता पूर्ण भरती. पाणी चढत असतानाच पक्षी येऊ लागतात, त्यामुळे कोवळे ऊनही मिळते. मिठागर ही कुणाची तरी कामाची जागा असते, तेव्हा आधी विचारून, पक्षी येण्यापूर्वीच पोहोचावे आणि बसून राहावे. पाठलाग केला की पक्षी उडतो. स्थिर बसलेल्या माणसाजवळ मात्र तो चरत चरत येऊ शकतो. बसल्याने कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो, हा फायदा वेगळाच.

ऊन तापले की घरी जावे. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रकाश वेडावाकडा वळवते, दूरचा पक्षी पाण्यात हलावा तसा दिसतो. कितीही भारी लेन्स असली तरी यावर इलाज नाही.

कॅमेरा समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे धरून चालतो. काळ्या चिखलात पांढरा बगळा असला की तो चिखल उजळतो आणि बगळ्याची पिसे पांढरीफटक होतात. अशा वेळी एक्स्पोजर थोडे उणे करावे. फोकस डोळ्यावर. उभ्या पक्ष्याला शटरवेग १/५०० बहुतेकदा पुरतो, उडत्याला १/२००० लागतो.

पण पक्षी मुद्दाम उडवून फोटो काढणे सोडायलाच हवे. हे पाहुणे वसंतात उत्तरेकडे परततात; त्या लांबच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी साठवावी लागते. प्रत्येक घाबरून घेतलेल्या भरारीत त्यातलीच ऊर्जा जाते. खाणे थांबवून मान ताणली, ओरडायला सुरुवात केली, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मागे सरकावे.

उन्हाळ्यात तर आणखी जपावे लागते. शेकाट्या आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती गार ठेवतात. माणूस जवळ थांबला की पक्षी घरट्यावर परतत नाही, आणि भर उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातच निकामी होऊ शकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. घरटे दिसले तर कॅमेरा खाली ठेवून निघावे, आणि ती जागा कुणालाही कळवू नये.