पुतणीने समाजशास्त्र घेतले!

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये साताऱ्याहून थोरल्या बंधूंचा फोन आला. “पोरगी बी.ए.ला समाजशास्त्र घेते म्हणते. तू कॉलेजात शिकवतोस, तिला चार गोष्टी समजावून सांग.” चार गोष्टी म्हणजे कोणत्या, हे वडीलधाऱ्यांच्या भाषेत ठरलेलेच असते. खरे सांगायचे तर माझेही मत निराळे नव्हते. समाजात राहणाऱ्याला समाज काय शिकवायचा? शिवाय मराठीच्या प्राध्यापकाला मनातून वाटतच असते, की माणूस कळायचा तर तो कादंबरीतून.

पोरगी बधली नाही. कॉलेजसाठी ती आमच्याकडेच राहायला आली.

गेल्या वर्षी एका रात्री मी तासासाठी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ पुन्हा वाचत होतो. यमूच्या केशवपनापाशी आलो, की अठरा वर्षे शिकवूनही माझा आवाज कापतो. पुतणीने विचारले, “पण काका, केस काढायचेच कशाला?”

“रूढी! दुसरे काय?”

“ते नाव झालं. कारण?”

मला सांगता येईना. तेव्हा तिने डॉ. आंबेडकरांचा एक निबंध पुढे ठेवला. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तो वाचला होता. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमाने, हे त्यातले सूत्र. पण हा नियम चालायचा, तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जातीत जवळजवळ सारखे हवेत. नवरा मेला, की एक बाई ‘जास्त’ होते. ती जातीबाहेर गेली तर कुंपण मोडते. जातीतच पुन्हा लग्न करील तर एखाद्या कुमारिकेचा वर जातो. म्हणून सती, नाही तर जन्माचे वैधव्य, आणि तेही असे की तिच्याकडे कोणाचे मन जाऊ नये. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र जातीत राखायचे. त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी! यमूच्या डोक्यावरून फिरलेल्या वस्तऱ्यामागे असा हिशेब असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. अठरा वर्षे नुसता गहिवरत होतो.

ज्या विषयाला नावे ठेवली त्याची कुळकथा तरी पाहावी, म्हणून दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ग्रंथालय गाठले. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. १९२४ पासून तो सांभाळणारे गो. स. घुर्ये मालवणचे आणि मूळचे संस्कृतचे एम.ए.! इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. ‘युगान्त’वर मी तासन्‌तास बोललो आहे, पण याच बाईंनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला, मामेबहिणीशी लग्न कोणत्या प्रांतात चालते आणि कोणत्या चालत नाही याचा धांडोळा घेतला, हे वर्गात कधी सांगितले नाही.

नोकरीचे म्हणाल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा विषय घेता येतो, समाजकार्याच्या पुढल्या अभ्यासाकडे वळता येते. बाकी नुसत्या बी.ए.चा पगार कोणत्याही विषयात बेताचाच. बंधूंना एवढेच कळवले.

यंदा तिला एका कुटुंबाची पाहणी लिहायची होती. लांब कशाला, म्हणून तिने आमचेच घर धरले! आधी कोण जेवते, बँकेचे पुस्तक कोणाच्या कपाटात असते, माहेरी जाताना विचारावे लागते की सांगावे लागते... सौभाग्यवती हसत हसत उत्तरे देत होत्या. मग प्रश्न आला, “काकू, मावशींचा कप खिडकीत वेगळा का?”

धुणेभांड्याच्या मावशी आमच्याकडे बारा वर्षे येतात. “अगं, तो त्यांचाच आहे,” सौ. म्हणाल्या. मी वर्तमानपत्र जरा वर धरले.

दुसऱ्या दिवशी मावशींना घरातल्या कपात चहा दिला. त्यांनी कप फिरवून पाहिला.

“माझा कुठं गेला?”

“आता यातच घ्यायचा, मावशी.”

“रोजच का, वहिनी?” त्यांनी विचारले, “का ताईंची परीक्षा होईस्तोवर?”