ओढ्याची मोजणी आणि माझी थडी



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, खत, पाणी आणि साखर उतारा यांची चर्चा नेहमी होते आणि ती झालीच पाहिजे. परंतु ज्या ओढ्याच्या कडेला आपला ऊस उभा आहे, त्या ओढ्याकडे आपण कधी नीट पाहतो का? पूर आला की त्याला शिव्या द्यायच्या आणि उन्हाळ्यात त्यात मोटार टाकायची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. गेल्या दिवाळीनंतर येलदरीच्या खाली पूर्णेला मिळणाऱ्या एका ओढ्याची पाहणी करण्यासाठी गावातल्या सहाजणांचे पथक निघाले. निवृत्त शिक्षक म्हणून त्याचे प्रमुखपण माझ्याकडे आले. त्यात काय शिकलो ते सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

येलदरीचे धरण 1968 साली पुरे झाले हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याचा एकूण साठा सुमारे 934 दशलक्ष घनमीटर आहे आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅट क्षमतेचे वीजघर आहे. वीजघरातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरला पुन्हा अडवून कालव्यांना सोडतात. या पाण्यावर किती घरांच्या चुली पेटल्या हे मी सांगायला नको. पण धरण नदीवर असले तरी नदी बनते ओढ्यांनी. आपल्या शेतातली माती, आपण टाकलेल्या युरियाचा न लागलेला अंश, हे सगळे आधी ओढ्यात उतरते आणि मग नदीत जाते. 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झाले, तेव्हा मनात आले की नदी जाणायची तर आधी आपल्या धुऱ्याचा ओढा जाणावा.

पथक आणि पहिली चूक

पथकात कृषी पदवीला शिकणारी दोन मुले आणि एक मुलगी, एक तरुण सभासद, भोई समाजाचे एक वयस्क मामा आणि मी. साहित्य साधेच. तीस मीटरची टेप, सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी, छोटी मोजपट्टी, दोरी, वही आणि जागेचे अक्षांश-रेखांश घेण्यापुरता मोबाईल.

नियम असा ठरला की ओढा जिथे नदीला मिळतो तिथून वर चढत जायचे. वरून खाली आलो तर आपल्याच पायाने गढूळ झालेले पाणी आपल्यापुढे जाते, तळ दिसत नाही आणि मासा पळून जातो. दर शंभर मीटरवर थांबायचे. पाण्याची रुंदी, तीन ठिकाणची खोली, तळाला काय आहे, थडी कशी आहे, थडीवर कोणती झाडे आणि किती सावली, हे लिहायचे आणि पुढे जायचे.

पहिल्या दोन दिवसांची पाने मात्र वाया गेली आणि त्यात चूक माझीच. डावी थडी, उजवी थडी हे पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून ठरवतात. आम्ही चढत होतो वर, म्हणजे तोंड उलटे. निम्म्या मुलांनी आपल्या डाव्या हाताची थडी डावी लिहिली, निम्म्यांनी बरोबर लिहिली. संध्याकाळी वह्या जुळवायला बसलो तर एकाच जागी एकाच्या वहीत उंबर डावीकडे आणि दुसऱ्याच्या वहीत उजवीकडे! मी आधी सांगायला हवे होते, ते गृहीत धरले. दोन्ही दिवसांचे काम पुन्हा केले.

त्यानंतर एक शिरस्ता पाडला. रोज सकाळी एकच टप्पा सगळ्यांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांच्या वहीत डोकवायचे नाही. मग आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. फरक आला तर कोण चुकला हे विचारायचे नाही, कशामुळे चुकला ते शोधायचे. कोणी टेप ढिली धरलेली असायची, कोणी पाण्याची कड सोडून ओल्या मातीपासून मोजलेले असायचे. पथकप्रमुखाचे खरे काम हेच. पुढे चालणे सोपे आहे. सहा माणसांच्या डोळ्यांनी एकच गोष्ट एकसारखी लिहिली जाईल असे करणे अवघड.

शंभर गोटे

तळाला काय आहे हे नुसते बघून लिहिले तर फसगत होते, कारण मोठा दगड आधी नजरेत भरतो. वोल्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1954 साली एक सोपी रीत मांडली. पात्रातून चालत जायचे, ठराविक पावलांवर थांबायचे, नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोट लावायचे आणि बोटाला लागेल तोच खडा उचलायचा. त्याची लांबी घ्यायची नाही, जाडी घ्यायची नाही, मधले माप घ्यायचे. असे शंभर खडे मोजले की तळाची प्रकृती कळते. इंग्लंडमध्येही 1990 च्या दशकापासून नदीची अशीच शिस्तीत पाहणी होते. पाचशे मीटरचा तुकडा घेतात आणि दर पन्नास मीटरवर, म्हणजे दहा ठिकाणी, थांबून नोंद करतात.

आमच्या मुलांना आधी याचे हसू आले. पण जिथे थडीला शेरणी, निरगुडी आणि लव्हाळा दाट होता तिथे बोटाला गोटे लागत, आणि जिथे थडी उघडी होती तिथे बोट नुसते गाळात जाई, तेव्हा हसणे थांबले. गोट्यांच्या फटीत पाणकिडे राहतात. त्या किड्यांवर मासळी जगते. फटी गाळाने बुजल्या की ते घरच बुजले.

भोई मामांना लिहिता येत नाही, पण त्यांच्याइतका ओढा कोणी वाचला नसेल. ते एकदा म्हणाले, “गुरुजी, मासा ऱ्हातो डोहात, खातो खळाळात, अन् अंडी घालतो तिसरीकडंच. तुमी एकच जागा मोजून काय कळंल?” त्या दिवसापासून डोह, खळाळ आणि संथ पाणी यांचे रकाने आम्ही वेगळे केले. मरळ, वाम ही नावे मामा सांगतील तशीच लिहिली. यात कमीपणा नाही. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा महाशीरच्या एका जातीला इकडच्या बोलीतले ‘खुदरी’ हेच नाव दिले. आजही शास्त्रात तो ‘तोर खुदरी’ आहे.

भीती पाण्याची आणि माणसांची

सुरक्षिततेबाबत तडजोड केली नाही. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, काठीने तळ चाचपल्याशिवाय डोहात पाय टाकायचा नाही आणि गवतात काठी आपटत चालायचे. ओढ्याच्या तोंडाशी काम असेल त्या दिवशी येलदरीतून पाणी सुटणार आहे का याची आधी चौकशी करायची. वीजघर सुरू झाले की आभाळ कोरडे असतानाही नदी चढते. तसे पाहणीचे काम घाईचे नाही, उद्या होते.

माणसांची भीती निराळी. टेप दिसली की शेतकरी धुऱ्यावर येऊन उभा राहायचा. “कामून मोजायलात गुरुजी? सरकारनं धाडलं का?” त्याचे चुकत नव्हते. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या 20 व्या कलमाप्रमाणे ओढे, नाले आणि त्यांची पात्रे सरकारची. त्यामुळे मोजणी म्हणजे अतिक्रमणाची नोटीस असेच त्याला वाटणार. आम्ही वही त्याच्या हातात देत होतो. वहीत मालकाचे नाव नव्हते, गट नंबर नव्हता. तरी काहींनी शेतातून जाऊ दिले नाही. तिथे आम्ही वाद घातला नाही. वहीत ‘परवानगी नाही’ एवढे लिहून पुढे गेलो.

माझी थडी

आठव्या दिवशी माझे स्वतःचे शेत आले. काही वर्षांपूर्वी थडीवरची करंज आणि जांभळाची झाडे मी तोडली होती. सावलीने ऊस दबतो म्हणून तोडली आणि तेवढ्या जागेत दोन सऱ्या वाढवल्या. त्या दोन सऱ्या आता ओढ्यात आहेत. वर काळी माती, खाली मुरूम. पुरात माती भिजून जड होते. पूर झपाट्याने ओसरला की बाजूने असलेला पाण्याचा टेकू जातो आणि मुळांनी न धरलेली ती जड थडी ढेपाळून खाली येते. हे मी इतरांना आठवडाभर समजावून सांगत होतो.

मुलीच्या हातात वही होती. तिने विचारले, “सर, इथं काय लिहू?” मी म्हणालो, “थडी मध्यम, थोडी झीज.” ती गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, “सर, काल अशाच थडीला आपण ‘उघडी, उभी, ढासळती’ लिहिलं होतं.”

काल ती थडी माझ्या भावकीतल्या माणसाची होती. तिथे माझी जीभ अडखळली नव्हती.

मामा तंबाखू मळत दुसरीकडे बघत होते. मी वही घेतली, ‘मध्यम’ शब्द खोडला आणि स्वतःच्या हाताने लिहिले: उघडी, उभी, ढासळती. सावली नाही. तळाला गाळ. खोडलेला शब्द तसाच दिसू दिला. त्या दिवशी ते तीन शब्द खोटे लिहिले असते, तर मुलांनी पुढच्या प्रत्येक पानावर माणूस बघून लिहिले असते आणि सगळी वही रद्दी झाली असती.

पुढे गावात वाचन झाले तेव्हा सर्वांत आधी मी माझ्याच टप्प्याचे पान वाचले. ज्यांनी आधी परवानगी नाकारली होती त्यांच्यापैकी दोघे नंतर येऊन म्हणाले, “गुरुजी, आमचं बी मोजा.”

आता हिशेब

सभासदांना हिशेब कळतो. थडीच्या कडेने पाच मीटर पट्टा सोडला तर शंभर मीटर लांबीला 500 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 5 गुंठे जागा जाते. एकरी 40 टन उतारा धरला तर गुंठ्याला 1 टन, म्हणजे वर्षाला 5 टन ऊस सोडावा लागतो. हे नुकसान लहान नाही आणि ते झाकून मी कोणाला उपदेश करणार नाही. पण दुसरी बाजूही मांडा. खचलेली माती परत येत नाही, तिथे पुढे कोणतेच पीक येत नाही. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे. हे पैसे मोजून घेतलेले खत आहे. शेवटच्या सरीतून निसटलेले पाणी गवताच्या आणि मुळांच्या पट्ट्यातून गेले तर गाळ आणि बरेचसे खत तिथेच अडते. पट्टा नसेल तर ते सरळ ओढ्यात जाते.

मी यंदाचा खोडवा निघाला की पाच मीटर सोडणार आहे. पाण्याजवळ वाळा आणि शेरणी, मध्ये निरगुडी, वर करंज असे लावायचे ठरवले आहे. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरतात. ते किती जगेल, थडी किती थांबेल हे आजच सांगत नाही. पुढच्या दिवाळीनंतर हेच पथक त्याच जागी, त्याच काठीने मोजेल. एकदाची मोजणी म्हणजे नुसता फोटो. दुसऱ्यांदा मोजल्यावरच ओढा सुधारतो आहे की बिघडतो आहे ते कळते.

ज्या सभासदांच्या शेताला ओढा लागून आहे, त्यांना एकच विनंती. या आठवड्यात ओढ्याच्या बाजूच्या शेवटच्या सरीवर उभे राहा, तिथून थडीपर्यंत पावले मोजा आणि तारखेसह ऊसनोंदीच्या वहीत लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर परत मोजा. जो आकडा येईल तो तसाच लिहा. वही आपली, थडी आपली, वाचणारेही आपणच.