दूध डेअरीला, पोरीच्या ताटात काय?

साखरेचा रोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला, खुर्चीवर बसून कमावणारा शहरातला माणूस येतो. रानात राबणाऱ्या हडकुळ्या पोराला कसली आलीय साखर, असं आपण म्हणतो. ही समजूत पुण्याजवळच्या सहा गावांनी खोटी ठरवली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या साथीने १९९३ पासून या गावांतल्या बायांची पाहणी सुरू केली, तीही त्या गरोदर राहण्याआधीपासून. त्यांची मुलं सहा, बारा आणि अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. अठराव्या वर्षी मुलग्यांत शंभरात ३७ आणि मुलींत १८ जणींची रक्तातली साखर वाजवीपेक्षा जास्त निघाली. बहुतेकांना अजून मधुमेह झालेला नव्हता, पण वाट त्याच गावची. आणि ही पोरं अंगाने सडपातळच होती!

मूळ शोधत गेलं तर ते आईपाशी जातं. या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी, पण कातडीखालची चरबी टिकून राहिलेली. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या बायांचा आहार आणि कष्ट दोन्ही तपासले. दूध, पालेभाजी, फळं ज्यांच्या खाण्यात वरचेवर होती त्यांची बाळं भरलेली. पाणी वाहणं आणि शेतीची जड कामं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं लहान. खुरपणीच्या दिवसांत आपल्या घरी काय चालतं, ते जरा आठवून पाहा.

आणखी एक गोष्ट दिसली. तीनांतल्या दोन आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे भाजीभाकरीत नसतं. दूध, अंडी, मटण, मासळी यांतूनच मिळतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मासळीतून ते आपसूक पोटात जातं. माळकरी घरात दूध-दही सोडलं तर दुसरी वाट नाही, आणि दूध तर पहाटेच किटलीत भरून डेअरीला जातं. उरलं तर चहाला. त्यातही आधी पोरगा, मग पोरगी, हे कुणी कबूल करत नाही एवढंच.

२०१२ पासून याच तरुण मुलामुलींतल्या काहींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहिलं. पुढे लग्नं झाली, बाळं झाली. नुसतं ब-१२ घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा समज आणि बोलणं यांच्या चाचण्यांत सरस ठरली. बाळांची संख्या थोडी होती, तेव्हा एवढ्यावरून दुकानातून गोळ्या आणायला धावू नका.

शाळेत नि अंगणवाडीत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असतं, ब-१२ नसतं. ती गोळी पोरींनी घ्यायचीच, पण तिने दुधाची जागा भरून निघत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारावेत: दहावी-बारावीतल्या मुलींची वजनं यंदा कुणी घेतली का, आणि हंड्यासाठी त्यांना किती लांब जावं लागतं? आणि घरधन्याने उद्या किटली भरण्याआधी एक पेला बाजूला काढावा.