‘हैदराबादी’ पलटणी आणि जपानची १८वी डिव्हिजन

जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला तो पर्ल हार्बरवरील हल्ल्याने, ही समजूत इतकी दृढ आहे की, त्याच्या सुमारे तासभर आधी मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोटा भारू येथे, जपानच्या १८व्या डिव्हिजनमधील ताकुमी यांची ब्रिगेड उतरू लागली होती, असे सांगताच ऐकणारा तारखांकडे बोट दाखवितो. परंतु हवाईत ७ डिसेंबर १९४१ची सकाळ उजाडत असता मलायात ८ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती.

हे अवतरण बिनविरोध झाले, हाही गैरसमजच. डोग्रा पलटणीच्या माऱ्याखाली शेकडो जपानी शिपाई वाळूतच पडले आणि ‘अवाजिसान मारू’ हे जहाज विमानांनी पेटविले. कोटा भारूचा विमानतळ गेला तो मात्र हुलीने: शत्रू कुंपणाशी आल्याची बातमी पसरली, कर्मचारी इमारतींना आग लावून निघाले, आणि धावपट्टी, पेट्रोल, बॉम्ब जागच्या जागी राहिले. तेथे पहाऱ्यावर निजामाची फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री होती. पण त्या साऱ्या गोंधळाचे खापर एका संस्थानी पलटणीच्या माथी फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

तेव्हा निजामाच्याच अमलाखाली असलेल्या परभणीच्या वाचकाने येथे एक घोटाळा टाळावा. मलायात लढलेली १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण निजामाची नव्हे, ब्रिटिश हिंदी सैन्याची. तिच्यात भरती मुख्यतः कुमाऊँनी, अहीर आणि जाट यांची. तरीही तिचे मूळ दख्खनेतच सापडते, कारण ही रेजिमेंट ज्या हैदराबाद कंटिंजंटमधून उद्भवली, जिच्या खर्चापोटी १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे गेला आणि जी १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली, त्या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती, आणि हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती. १९४५ पासून ही रेजिमेंट कुमाऊँ नावाने ओळखली जाते. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीकाठी जपानी रणगाड्यांनी जी दाणादाण उडविली तीत ही चौथी पलटणही होती. मात्र ते रणगाडे पाचव्या डिव्हिजनबरोबरचे, अठराव्या नव्हेत.

हीच अठरावी डिव्हिजन १९४४ मध्ये इंफाळवर चालून आली, असे समजण्याचे कारण मुतागुची. मलायात तिचे सेनापती तेच होते. पुढे १५व्या सैन्याची सूत्रे हाती येताच इंफाळ-कोहिमाच्या मोहिमेवर त्यांनी धाडल्या त्या १५, ३१ आणि ३३ क्रमांकांच्या डिव्हिजन. अठरावी त्या वेळी उत्तर ब्रह्मदेशात हुकाँगच्या खोऱ्यात अमेरिकन सेनापती स्टिलवेल यांच्या चिनी फौजांशी झुंजत होती, आणि तिच्या ११४व्या रेजिमेंटने आठवडेच्या आठवडे लढविलेले मित्किना ३ ऑगस्ट १९४४ रोजी पडले.