आधी टेप तपासा, मग आजीची कॅसेट लावा



आज माळ्यावरच्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला टेप तुमच्याही घरी असेल. कुणाकडे एका स्पीकरचा, कुणाकडे दोन स्पीकरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. कुणाच्या दिरांनी तो मुंबईहून आणलेला, तर कोकणात कुणाच्या भावानं आखातातून येताना आणलेला. प्रल्हाद शिंदे यांची गाणी आपण त्यावरच ऐकली. पण ती गाणी आज मोबाईलवरही मिळतात. न मिळणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे आपल्याच माणसांचा आवाज.

माझ्या हळदीच्या दिवशी आजेसासूबाईंनी ओव्या म्हटल्या होत्या. धाकट्या दिरांनी त्या कॅसेटवर भरून घेतल्या. आजेसासूबाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत टेप खाली काढला. मुलं म्हणाली, "आई, पणजीचा आवाज ऐकू या." मी फडक्यानं टेप पुसला, वायर लावली आणि कॅसेट घातली. आवाज आला! जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. दोन मिनिटं गेली आणि आवाज जाड होत गेला, मग खरखरला आणि बंद झाला. झाकण उघडून पाहिलं, तर कॅसेटचं रीळ रबरी चाकाला गुंडाळलेलं. सोडवता सोडवता हातभर रीळ चुरगळलं आणि तुटलं.

हातभर रीळ म्हणजे किती नुकसान? कॅसेटमध्ये एका सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर रीळ पुढे सरकतं. म्हणजे हातभर रिळात दहा सेकंदांचा आवाज. आमची एक ओवी गेली. ती आता कुणालाच आठवत नाही. चूक टेपची नव्हती, घाई माझी होती. ती घाई तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सांगते आहे.

आधी कॅसेट म्हणजे काय ते समजून घेऊ. फिलिप्स कंपनीनं ती 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. आतलं रीळ चार मिलिमीटरहूनही थोडं अरुंद असतं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ते 85 मीटरच्या वर भरतं. दहा नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली तरी त्याहून थोडं लांबच. त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी तपकिरी भुकटी बसवलेली असते. आवाज त्या भुकटीत चुंबकाच्या रूपानं साठतो. म्हणून कॅसेट चुंबकाजवळ ठेवायची नाही. स्पीकरच्या आतही मोठा चुंबक असतो, तेव्हा स्पीकरवर कॅसेटची चळत रचू नका.

आता टेप कॅसेट का खातो ते पाहू. कॅसेट घालतो तिथे एक बारीक पोलादी दांडी असते आणि तिला चिकटून फिरणारं रबरी चाक. ही जोडी रीळ पुढे ओढते. पुढे आलेलं रीळ गुंडाळून घेण्याचं काम दुसरी चकती करते. या चकत्या रबरी पट्ट्यावर फिरतात, पिठाच्या गिरणीचा पट्टा असतो तसाच, फक्त बारीक. वर्षानुवर्षं पडून राहिला की पट्टा सैल होतो, कडक होतो, कधी वितळून डांबरासारखा चिकट होतो. मग रीळ पुढे तर येतं, पण गुंडाळणारी चकती फिरत नाही. जायला जागा नाही, म्हणून ते रबरी चाकालाच गुंडाळतं. आमच्याकडे हेच झालं.

म्हणून टेप सुरू करण्याआधी या गोष्टी करा.

पहिली, वायर बघा. वरचं रबर तडकलं असेल, उंदरानं कुरतडलं असेल, तर ती प्लगमध्ये घालायचीच नाही, आधी बदलून घ्यायची. टेप सेलवर चालत असेल तर पहिली चाचणी सेलवरच करा. सेलच्या खणात पांढरी बुरशीसारखी खर साचली असेल तर जुन्या ब्रशनं काढा, स्प्रिंगा पॉलिश पेपरनं घासा आणि मग हात साबणानं धुवा.

दुसरी, कॅसेट न घालता प्लेचं बटण दाबा. गुंडाळणारी चकती फिरते का बघा. फिरत असेल तर बोटानं हलकेच अडवा. बोट लावताच सहज थांबली आणि पुन्हा नीट फिरेना, तर पट्टा गेला समजा. टेप रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि म्हणा, "सगळे पट्टे बदला, रबरी चाक तपासा." मागचं झाकण आपण उघडायचं नाही. आत विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो.

तिसरी, सफाई. वायर काढून ठेवा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते मिळतं. रिळाला टेकणारा चकचकीत धातूचा भाग, त्याला हेड म्हणतात, तो आणि पोलादी दांडी पुसा. काडी तपकिरी होईल. ती जुन्या कॅसेटींची भुकटी. रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल इथे अजिबात नको. आणि हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीपासून दूर.

चौथी, आता कॅसेट लावा, पण गेली तरी चालेल अशी. दोन्ही बाजू पूर्ण वाजू द्या. ती सुखरूप बाहेर आली, तरच आजीची कॅसेट हातात घ्यायची.

आजीच्या कॅसेटचीही तयारी हवी. पाठीच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या चिपा असतात. त्या तोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुना आवाज पुसला जात नाही. रीळ सैल असेल तर कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून हळूच ताणून घ्या. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, जाणकाराला दाखवा. तुटलेलं रीळ साध्या चिकटपट्टीनं जोडू नका. तिचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. त्यासाठी वेगळी पट्टी मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच मोबाईलवर भरून घ्या. पंखा बंद, दार बंद, मोबाईल विमान मोडवर ठेवा. स्पीकरपासून हातभर अंतरावर मोबाईल ठेवून आवाज भरा. सुरुवातीला आपल्या तोंडानं सांगा: हा आवाज कुणाचा, गाव कोणतं, प्रसंग कोणता. नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि कॅसेट फेकू नका, तीच मूळ.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या जगभर ऐकता-वाचता येतात. पण तुमच्या आजीची ओवी कदाचित तुमच्याच ट्रंकेत असेल. ती तुम्हीच वाचवायची.

दोन स्पीकरचा टेप असेल तर ऐकण्याची मजाही घ्या. स्पीकर एकमेकांपासून थोडे दूर ठेवा आणि मध्ये, समोर बसा. संगीताच्या कॅसेटवर दोन स्पीकरसाठी आवाज वेगवेगळा भरलेला असतो, त्यामुळे ढोलकी एका बाजूनं आणि पेटी दुसऱ्या बाजूनं येते. सुट्या स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी दोन्हीकडे सारख्याच जोडा. एकीकडे उलट झाली तर ढोलकीची धमक जाते.

प्रत्येकीनं टेप दुरुस्त करायलाच हवा असं नाही. बचत गटात मिळून एक टेप नीट करा. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं एक कॅसेट आणायची, ऐकायची, भरून घ्यायची. आम्ही तसंच केलं. नवे पट्टे घातल्यावर आजेसासूबाईंची उरलेली कॅसेट शेवटपर्यंत वाजली. तुटलेल्या जागी आवाज क्षणभर उडी मारतो. तिथे आली की जाऊबाई आणि मी एकमेकींकडे बघतो.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच माळा बघा. पण घाई नको. आधी टेप, मग कॅसेट.