मास इफेक्ट २ : निर्णयांची किंमत

‘मास इफेक्ट २’ हा कॅनडातील बायोवेअरचा विज्ञानकथात्मक रोल-प्लेइंग गेम जानेवारी २०१० मध्ये आला. सुरुवातीलाच खेळाडू जिची भूमिका करतो त्या कमांडर शेपर्ड या मुख्य पात्राचा मृत्यू होतो आणि ‘सर्बेरस’ ही संघटना दोन वर्षांच्या प्रयत्नांनी शेपर्डला पुन्हा जिवंत करते. पहिल्या भागाची सेव्ह फाइल वापरल्यास तिथले निर्णय इथेही लागू होतात. लढाईत सोबत दोन साथीदार असतात. बंदुकांसाठी थर्मल क्लिप गोळा कराव्या लागतात. खेळाचे खरे बळ मात्र साथीदारांत आहे. एखाद्याची वैयक्तिक मोहीम पार पाडली, की त्याची निष्ठा मिळवता येते. निष्ठा नसेल, शेपर्डच्या यानातील सुधारणा अपुऱ्या असतील किंवा अखेरच्या मोहिमेत चुकीच्या साथीदारावर जबाबदारी सोपवली, तर साथीदार कायमचे गमवावे लागतात. दोनपेक्षा कमी साथीदार वाचले, तर शेपर्डही मरतो.